शिंकान्सेन : जपानच्या पहिल्या अतिवेगवान रेल्वेचा इतिहास

१ ऑक्टोबर १९६४ रोजी सकाळी सहा वाजता टोकियो स्थानकातून ‘हिकारी १’ ही गाडी ओसाकाच्या दिशेने रवाना झाली. त्याच वेळी ओसाका शहरातील शिन-ओसाका या नव्या स्थानकातून ‘हिकारी २’ ही गाडी टोकियोकडे निघाली. या दोन गाड्यांनी तोकाइदो शिंकान्सेन हा जगातील पहिला अतिवेगवान लोहमार्ग सार्वजनिक वाहतुकीसाठी खुला झाला. टोकियो ऑलिंपिक स्पर्धांच्या उद्घाटनास त्या वेळी अवघे नऊ दिवस उरले होते. जपानी भाषेत ‘हिकारी’ म्हणजे प्रकाश.

या रेल्वेला जगभर ‘बुलेट ट्रेन’ म्हणून ओळखले जाते. ‘शिंकान्सेन’ या शब्दाचा अर्थ मात्र ‘नवा मुख्य मार्ग’ असा आहे. हे नाव मुळात गाडीचे नसून मार्गाचे आहे आणि या प्रकल्पाचे मर्मही त्यातच आहे. जपानी अभियंत्यांनी जुन्या रुळांवर अधिक वेगवान गाडी चालवण्याचा प्रयत्न केला नाही. त्यांनी वेगासाठी संपूर्णपणे स्वतंत्र मार्ग उभारला. हा निर्णय होण्यास सुमारे अर्धशतक लागले आणि तो अमलात आणणाऱ्यांना त्याची वैयक्तिक किंमतही मोजावी लागली.

अरुंद रुळांचा वारसा

जपानमधील पहिली रेल्वे १८७२ मध्ये टोकियोतील शिंबाशी आणि योकोहामा या दोन स्थानकांदरम्यान सुरू झाली. त्या वेळी रुळांमधील अंतर १,०६७ मिलिमीटर ठेवण्यात आले. भारतातील मीटरगेजपेक्षा हे अंतर जेमतेम सात सेंटिमीटरने अधिक आहे. डोंगराळ प्रदेश आणि अपुरा निधी यांचा विचार करता अरुंद मार्ग स्वस्त पडत होता. अशा मार्गावर तीव्र वळणे घेता येत असत आणि बोगदेही लहान चालत. तथापि, याच कारणांमुळे गाड्यांच्या वेगावर आणि डब्यांच्या रुंदीवर कायमची मर्यादा आली. टोकियो आणि ओसाका यांना जोडणारा तोकाइदो मार्ग १८८९ मध्ये पूर्ण झाला. तोही अरुंदच होता.

विसाव्या शतकाच्या आरंभी हे रूळ १,४३५ मिलिमीटरच्या, म्हणजेच युरोपातील प्रमाणित रुंदीचे करावेत, अशी मागणी पुढे आली. रेल्वे प्रशासनाचे प्रमुख शिन्पेई गोतो आणि अभियंता यासुजिरो शिमा हे या विचाराचे प्रमुख पुरस्कर्ते होते. १९१७ मध्ये योकोहामा मार्गाच्या एका भागात रूळ रुंद करण्याचे यशस्वी प्रयोगही करण्यात आले. मात्र आहेत तेच रूळ रुंद करण्याऐवजी ग्रामीण भागात नवे मार्ग टाकावेत, असे तत्कालीन राज्यकर्त्यांचे धोरण होते. त्यामुळे रुंदीकरणाची योजना बारगळली आणि १९१९ मध्ये यासुजिरो शिमा यांनी सरकारी सेवा सोडली.

युद्धकाळातील पहिला आराखडा

हा विषय पुन्हा पुढे आला तो १९३० च्या दशकाच्या अखेरीस. चीनमधील युद्धामुळे तोकाइदो मार्गावरील वाहतूक प्रचंड वाढली होती. टोकियोपासून होन्शू बेटाच्या पश्चिम टोकावरील शिमोनोसेकीपर्यंत प्रमाणित रुंदीचा नवा मार्ग बांधण्याची योजना आखण्यात आली. हे अंतर नऊ तासांत कापण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. या कामासाठी नेमलेल्या समितीचे नेतृत्व यासुजिरो शिमा यांच्याकडेच आले. या योजनेला ‘दानगान रेश्शा’, म्हणजे बंदुकीच्या गोळीसारखी गाडी, असे नाव पडले. ‘बुलेट ट्रेन’ या शब्दाचा उगम येथे आहे.

योजनेला १९४० मध्ये मंजुरी मिळाली आणि १९४१ पासून कामाला आरंभ झाला. काही भागांतील जमिनी संपादित करण्यात आल्या आणि डोंगरांत बोगदे खणण्यास सुरुवात झाली. युद्धाची परिस्थिती बिघडताच १९४३ मध्ये काम थांबवावे लागले. यासुजिरो शिमा यांचे १९४६ मध्ये निधन झाले. त्यांचे स्वप्न अपुरे राहिले, परंतु संपादित जमिनी आणि अर्धवट खणलेले बोगदे पुढील पिढीच्या उपयोगी पडले.

तोकाइदो मार्गावरील ताण

युद्धानंतर जपानचे औद्योगिक पुनरुज्जीवन झपाट्याने झाले. टोकियो, योकोहामा, नागोया, क्योतो आणि ओसाका ही प्रमुख शहरे एकाच पट्ट्यात वसलेली आहेत. जपानी राष्ट्रीय रेल्वेच्या एकूण जाळ्यात तोकाइदो मार्गाची लांबी केवळ ३ टक्के होती. मात्र देशातील सुमारे एक चतुर्थांश प्रवासी आणि जवळपास तितकीच मालवाहतूक या एका मार्गावरून होत असे. १९५६ मध्ये संपूर्ण मार्गाचे विद्युतीकरण पूर्ण झाले आणि टोकियो-ओसाका प्रवास साडेसात तासांवर आला. १९५८ मध्ये सुरू झालेल्या ‘कोदामा’ या विद्युत एक्स्प्रेस गाडीने हा वेळ ६ तास ५० मिनिटांवर आणला. पुढे तो साडेसहा तास झाला. याहून अधिक वेग जुन्या मार्गाला पेलणारा नव्हता. त्याच रुळांवरून जलद गाड्या, स्थानिक गाड्या आणि मालगाड्या धावत होत्या. रस्ते ओलांडणारी फाटकेही असंख्य होती.

त्या काळात रेल्वेविषयी जगभर निराशेचे वातावरण होते. भविष्यकाळ विमानांचा आणि मोटारींचा आहे, असे मानले जात असे. अमेरिकेत लांब पल्ल्याच्या प्रवासी गाड्या बंद पडत होत्या. अशा काळात नव्या लोहमार्गावर अब्जावधी येन खर्च करणे म्हणजे युद्धात बुडालेल्या ‘यामातो’ या महाकाय युद्धनौकेचीच पुनरावृत्ती करणे होय, अशी टीका जपानमध्येच झाली.

सोगो आणि शिमा

मे १९५५ मध्ये शिंजी सोगो यांची जपानी राष्ट्रीय रेल्वेच्या अध्यक्षपदी नियुक्ती झाली. त्या वेळी त्यांचे वय ७१ वर्षे होते. तरुणपणी त्यांनी शिन्पेई गोतो यांच्या हाताखाली काम केले होते आणि रुंद मार्गाचा आग्रह त्यांनी तेथूनच घेतला होता.

या कामासाठी सोगो यांनी हिदेओ शिमा यांना पाचारण केले. हिदेओ हे यासुजिरो शिमा यांचे पुत्र. ‘डी-५१’ या जपानमधील प्रसिद्ध वाफेच्या इंजिनाच्या रचनेत त्यांचा प्रमुख वाटा होता. एप्रिल १९५१ मध्ये योकोहामाजवळील साकुरागिचो येथे एका विद्युत गाडीला आग लागून १०६ प्रवाशांचा मृत्यू झाला. त्या दुर्घटनेनंतर हिदेओ शिमा यांनी रेल्वेची नोकरी सोडली होती. वडिलांचे अपुरे राहिलेले काम पूर्ण करावे, असा आग्रह सोगो यांनी धरला आणि १९५५ च्या अखेरीस शिमा मुख्य अभियंता म्हणून परतले.

१९५६ मध्ये शिमा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. तिच्यापुढे तीन पर्याय होते. जुन्या मार्गालगत अरुंद रुळांची आणखी एक जोडी टाकणे, अरुंद रुळांचाच वेगळा मार्ग बांधणे किंवा प्रमाणित रुंदीचा पूर्णतः नवा मार्ग उभारणे. पहिला पर्याय टप्प्याटप्प्याने अमलात आणता आला असता आणि रेल्वेतील अनेक अधिकाऱ्यांचा त्यालाच पाठिंबा होता. सोगो आणि शिमा तिसऱ्या पर्यायावर ठाम राहिले. डिसेंबर १९५८ मध्ये सरकारने तो मान्य केला आणि २० एप्रिल १९५९ रोजी आतामी येथे शिन-तान्ना बोगद्याच्या पूर्वेकडील मुखाशी कामाचा शुभारंभ झाला. हा बोगदा युद्धकाळात अर्धवट सोडण्यात आला होता.

विमानविद्येचे साहाय्य

या निर्णयामागे रेल्वे तांत्रिक संशोधन संस्थेचे पाठबळ होते. युद्धानंतर जपानमध्ये विमाननिर्मितीवर बंदी आल्याने लष्कर आणि नौदलातील अनेक तंत्रज्ञ या संस्थेत दाखल झाले होते. नौदलाच्या ‘गिंगा’ या बॉम्बफेकी विमानाचे अभिकल्पक तादानाओ मिकी यांनी गाडीचे वजन कमी करण्यावर आणि हवेचा विरोध घटवणाऱ्या आकारावर काम केले. विमानांच्या पंखांतील कंपनांचे अभ्यासक तादाशी मात्सुदाइरा यांनी चाकांच्या कंपनांकडे लक्ष वळवले. लष्करी संदेशवहनाचे जाणकार हाजिमे कावानाबे यांनी सिग्नल यंत्रणेचे काम हाती घेतले.

मात्सुदाइरा यांच्यापुढील प्रश्न सर्वांत गंभीर होता. रेल्वेच्या चाकांची कड किंचित शंकूच्या आकाराची असते. त्यामुळे गाडी रुळांच्या मध्यभागी राहते. मात्र ठराविक वेगानंतर चाके सापासारखी डावीउजवीकडे हेलकावे घेऊ लागतात आणि गाडी रुळांवरून घसरण्याचा धोका निर्माण होतो. दोष रुळांचा आहे, असा पूर्वापार समज होता. हे कंपन चाके आणि डब्याखालील सांगाड्याच्या रचनेतून निर्माण होते, असे मात्सुदाइरा यांनी दाखवून दिले. हवेच्या स्प्रिंगा आणि सुधारित सांगाडा यांच्या साहाय्याने त्यावर नियंत्रण मिळवता आले.

३० मे १९५७ रोजी टोकियोतील गिंझा भागात संस्थेच्या पन्नासाव्या वर्धापनदिनानिमित्त जाहीर व्याख्यान झाले. टोकियो-ओसाका प्रवास तीन तासांत शक्य आहे, असे या तंत्रज्ञांनी तेथे आकडेवारीसह मांडले. त्याच वर्षी २७ सप्टेंबर रोजी मिकी यांच्या सहभागाने तयार झालेल्या ओदाक्यू कंपनीच्या हलक्या गाडीने ताशी १४५ किलोमीटर वेग गाठला. अरुंद रुळांवरील हा त्या काळचा जागतिक विक्रम होता.

निधीचा प्रश्न

प्रकल्पाचा खर्च सुरुवातीला १९७ अब्ज येन दाखवण्यात आला. संसदेची मंजुरी मिळावी यासाठी सोगो यांनी हा आकडा जाणीवपूर्वक कमी ठेवला होता, हे पुढे उघड झाले. प्रकल्प अर्ध्यावर सोडला जाऊ नये म्हणून जागतिक बँकेकडे कर्ज मागण्यात आले. आंतरराष्ट्रीय करार झाल्यावर सरकार बदलले तरी मार्ग पूर्ण करणे बंधनकारक ठरणार होते. प्रायोगिक तंत्रज्ञानासाठी बँक कर्ज देणार नाही, अशी शंका होती. या मार्गातील प्रत्येक घटक आधीच सिद्ध झालेला असून केवळ त्यांची एकत्र जुळणी नवी आहे, अशी भूमिका शिमा यांनी मांडली. २ मे १९६१ रोजी ८ कोटी डॉलरच्या कर्जाचा करार झाला. एका डॉलरला ३६० येन या तत्कालीन दराने ही रक्कम २८.८ अब्ज येन होते. एकूण खर्चाच्या तुलनेत ती लहान असली, तरी तिचे राजकीय महत्त्व मोठे होते. या कर्जाची परतफेड १९८१ मध्ये पूर्ण झाली.

मार्ग आणि गाडीची रचना

टोकियो ते शिन-ओसाका या मार्गाची प्रत्यक्ष लांबी सुमारे ५१५ किलोमीटर आहे. आरंभी त्यावर १२ स्थानके होती. संपूर्ण मार्गावर एकही फाटक नाही. रस्ते पुलाखालून किंवा पुलावरून नेण्यात आले. वळणांची त्रिज्या सर्वसाधारणपणे किमान २,५०० मीटर ठेवण्यात आली. रुळांचे लांब तुकडे सांधून अखंड करण्यात आले आणि त्याखाली काँक्रीटचे स्लीपर घालण्यात आले. मालगाड्या आणि संथ गाड्यांना या मार्गावर स्थान देण्यात आले नाही.

पुढे ‘शून्य मालिका’ या नावाने ओळखल्या गेलेल्या गाडीला स्वतंत्र इंजिन नव्हते. उपनगरी लोकल गाड्यांप्रमाणे विद्युत मोटारी डब्यांखालीच बसवण्यात आल्या. येथे तर प्रत्येक आसाला मोटार होती. त्यामुळे वजन सर्व डब्यांत समान विभागले गेले, रुळांवरील भार कमी झाला आणि गाडी लवकर वेग घेऊ लागली. ब्रेक लावतानाही याच मोटारींचा उपयोग होत असे. गाडीला २५ हजार व्होल्ट दाबाची वीज पुरवण्यात आली. जपानच्या पूर्व भागात विजेची वारंवारिता ५० आणि पश्चिम भागात ६० हर्ट्झ असल्याने पूर्वेकडील पुरवठ्याचे ६० हर्ट्झमध्ये रूपांतर करणारी केंद्रे उभारण्यात आली.

ताशी २०० किलोमीटर वेगाने धावताना मार्गालगतचे सिग्नल चालकाला विश्वासार्हपणे वाचता येत नाहीत. म्हणून हे सिग्नल काढून टाकण्यात आले. परवानगी असलेला वेग रुळांतून येणाऱ्या विद्युत संदेशाद्वारे चालकाच्या कक्षातच दर्शवण्यात येऊ लागला. गाडी त्यापेक्षा वेगाने गेल्यास ब्रेक आपोआप लागत असत. सर्व गाड्यांवर टोकियोतील एकाच केंद्रातून लक्ष ठेवण्यात येत होते.

चाचण्या आणि विक्रम

जून १९६२ मध्ये ओदावाराजवळील कामोनोमिया येथे सुमारे ३२ किलोमीटर लांबीच्या चाचणी मार्गावर दोन प्रायोगिक गाड्या धावू लागल्या. हा भाग पुढे मुख्य मार्गातच सामील करण्यात आला. गाडी वेगाने बोगद्यात शिरताच हवेच्या दाबातील बदलामुळे कानांना त्रास होतो, असे या चाचण्यांत आढळले. त्यामुळे डबे हवाबंद करण्यात आले. ३० मार्च १९६३ रोजी प्रायोगिक गाडीने ताशी २५६ किलोमीटर वेग नोंदवला. फ्रान्समध्ये १९५५ मध्येच एका विद्युत इंजिनाने ताशी ३३१ किलोमीटरचा विक्रम केला होता. जपानी अभियंत्यांचे उद्दिष्ट मात्र वेगळे होते. एक दिवसाच्या विक्रमापेक्षा रोज, प्रत्येक गाडीने आणि सुरक्षितपणे गाठता येईल असा वेग त्यांना हवा होता.

उद्घाटन आणि दोन अनुपस्थित व्यक्ती

दरम्यान खर्चाचा आकडा ३८० अब्ज येनपर्यंत, म्हणजे मूळ अंदाजाच्या जवळपास दुपटीवर पोहोचला. त्यावरून गदारोळ झाला. मे १९६३ मध्ये मुदत संपताच सोगो यांना पद सोडावे लागले आणि शिमा यांनीही त्यांच्यासोबत राजीनामा दिला. १ ऑक्टोबर १९६४ रोजी पहाटे टोकियो स्थानकाच्या फलाटावर पहिल्या गाडीला निरोप देण्याच्या समारंभात हे दोघेही नव्हते. शिमा यांनी तो सोहळा घरी दूरचित्रवाणीवर पाहिला. पुढे १९६९ मध्ये शिमा जपानच्या राष्ट्रीय अंतराळ विकास संस्थेचे पहिले प्रमुख झाले. सोगो यांचे उत्थित शिल्प टोकियो स्थानकाच्या शिंकान्सेन फलाटाच्या टोकाशी बसवण्यात आले आहे.

पहिली वर्षे

मार्गावरील कमाल वेग ताशी २१० किलोमीटर होता. परंतु नवे भराव पूर्णपणे बसले नसल्याने अनेक ठिकाणी गाड्या कमी वेगाने चालवण्यात येत होत्या. त्यामुळे पहिल्या वर्षी ‘हिकारी’ गाडीला चार तास आणि सर्व स्थानकांवर थांबणाऱ्या ‘कोदामा’ गाडीला पाच तास लागत. १ नोव्हेंबर १९६५ पासून ‘हिकारी’चा प्रवास ३ तास १० मिनिटांवर आला.

हिवाळ्यात सेकिगाहारा परिसरातील बर्फाने नवी अडचण उभी केली. डब्यांखाली गोठलेले बर्फाचे गोळे खाली पडून रुळांमधील खडी उडत असे आणि डब्यांचे नुकसान होत असे. उपाय म्हणून मार्गालगत पाण्याचे फवारे बसवण्यात आले आणि तेथील वेग कमी करण्यात आला.

प्रवाशांनी मात्र सर्व शंका फोल ठरवल्या. १३ जुलै १९६७ रोजी, म्हणजे तीन वर्षांच्या आत, प्रवाशांची एकूण संख्या १० कोटींवर पोहोचली. १९७० मधील ओसाका जागतिक प्रदर्शनाच्या वेळी ‘हिकारी’ गाड्या १२ ऐवजी १६ डब्यांच्या करण्यात आल्या. १९७२ मध्ये मार्ग ओकायामापर्यंत आणि १० मार्च १९७५ रोजी समुद्राखालील बोगद्यातून क्यूशू बेटावरील हाकातापर्यंत वाढवण्यात आला. युद्धकाळातील ‘दानगान रेश्शा’चा आराखडा अशा रीतीने तीन दशकांनी पूर्ण झाला.

यशाची दुसरी बाजू

शिंकान्सेनची किंमत केवळ पैशांत मोजता येत नाही. नागोया शहरात दाट वस्तीतून जाणाऱ्या गाड्यांचा आवाज आणि हादरे असह्य झाल्याने पाचशेहून अधिक रहिवाशांनी १९७४ मध्ये न्यायालयात धाव घेतली. १९७५ मध्ये सरकारने शिंकान्सेनच्या आवाजासाठी मर्यादा निश्चित केल्या. निवासी भागासाठी ही मर्यादा ७० डेसिबल ठेवण्यात आली. नागोयातील वाद १९८६ मध्ये तडजोडीने मिटला. त्यानंतरच्या सर्व गाड्यांच्या रचनेत आवाज कमी करणे हे वेगाइतकेच महत्त्वाचे उद्दिष्ट ठरले.

सततच्या वापरामुळे रूळ आणि तारा अपेक्षेपेक्षा लवकर झिजल्या. १९७४ च्या अखेरीपासून काही वर्षे ठराविक दिवशी अर्धा दिवस वाहतूक बंद ठेवून दुरुस्ती करावी लागली. ज्या १९६४ या आर्थिक वर्षात हा मार्ग सुरू झाला, त्याच वर्षापासून जपानी राष्ट्रीय रेल्वे तोट्यात गेली. तोकाइदो शिंकान्सेन नफ्यात असली, तरी देशभरातील तोट्याचे मार्ग आणि वाढते कर्ज यांतून ती संस्थेला वाचवू शकली नाही. १ एप्रिल १९८७ रोजी राष्ट्रीय रेल्वेचे विभाजन करून खाजगीकरण करण्यात आले.

वारसा

शून्य मालिकेचे ३,२१६ डबे १९८६ पर्यंत तयार करण्यात आले. तोकाइदो मार्गावरून या गाड्या सप्टेंबर १९९९ मध्ये निवृत्त झाल्या. सान्यो मार्गावरील त्यांची नियमित सेवा ३० नोव्हेंबर २००८ रोजी थांबली. या मालिकेचा एक डबा ब्रिटनमधील यॉर्क येथील राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात जतन करण्यात आला आहे. वाफेच्या इंजिनाचा जन्म ज्या देशात झाला, तेथील संग्रहालयाने एका जपानी डब्याला दिलेले हे स्थान उल्लेखनीय मानावे लागेल.

जपानच्या यशानंतर फ्रान्सने १९८१ मध्ये पॅरिस-लियों मार्गावर टीजीव्ही ही अतिवेगवान सेवा सुरू केली. पुढे युरोप आणि आशियातील इतर देशांनीही तोच मार्ग अनुसरला. भारतात १४ सप्टेंबर २०१७ रोजी जपानच्या अर्थसाहाय्याने मुंबई-अहमदाबाद अतिवेगवान रेल्वेच्या कामाचा शुभारंभ झाला. ५०८ किलोमीटर लांबीचा आणि १२ स्थानकांचा हा मार्ग लांबी आणि स्थानके या दोन्ही बाबतींत मूळ तोकाइदो शिंकान्सेनशी आश्चर्यकारक साम्य दाखवतो. १,४३५ मिलिमीटर रुंदीचे रूळ आणि इतर गाड्यांपासून पूर्णपणे वेगळा मार्ग ही दोन्ही सूत्रे येथेही स्वीकारण्यात आली आहेत. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे, विरार आणि बोईसर ही त्याची स्थानके आहेत.

१९६४ पासून शिंकान्सेन गाड्यांची टक्कर होऊन किंवा गाडी रुळांवरून घसरून एकाही प्रवाशाचा मृत्यू झालेला नाही. २००४ मधील निइगाता भूकंपात एक धावती गाडी रुळांवरून घसरली, परंतु त्या दुर्घटनेतही जीवितहानी झाली नाही. या मार्गासाठी एखादा नवा शोध लागला नव्हता. रुंद रूळ, विद्युत मोटारी, अखंड लोहमार्ग आणि स्वयंचलित ब्रेक हे सर्व घटक कोणत्या ना कोणत्या स्वरूपात आधीपासून ज्ञात होते. त्यांना एकत्र आणून इतर वाहतुकीपासून वेगळा मार्ग देण्याचा निर्णय हेच जपानचे खरे योगदान होते. वेग हा त्या निर्णयाचा परिणाम होता.